अर्धी सडक चालू

मार्गशीर्ष शु. ५, शके १८६६

पाल आज पक्कं ठोकलं. कळमनुरी सोडून वारंगा फाट्याकडं जाताना ओढा लागतो, त्याच्या अलीकडं, बाभळीखाली. आता शिमग्यापर्यंत मुक्काम हितंच. ओढ्यावर मोरी बांधायची, दोन्ही अंगाची सडक उकरून नवी खडी घालायची. हे सडकेचे मिस्त्री, म्हणून मी मिस्त्रीणबाई. चूल मांडली. वारं लई. पहिली भाकरी करपली, दुसरी बरी.

आल्या दिवशीच गड्यांनी माझा आवाज ऐकला. ह्यांला जेवायला हाक मारली तर पलीकडच्या शेतातले बैल बिथरले. तांड्यावरची जमनी टोपल्याच्या कामाला हाय, ती हसून म्हणती कशी, "बाई, गळ्यात कर्णा बसवला का काय?" हसू दे.

कुणाला काय सांगू. ह्यांला ऐकू येत न्हाई. मागल्या साली खदानीत सुरुंग उडाला तवापासून. उजवा कान पार गेला, डावा नावाला हाय. मला त्येंनी अजून सांगितलं न्हाई. लोकांच्या तोंडाकडं बघून बोलतेत, सगळे हसले की हसतेत, आपलं झाकून नेतेत. मी बी कळलं असं दाखवलं न्हाई. मी फक्त वरडून बोलते. बायको कजाग म्हणून वरडती, नवरा बहिरा म्हणून न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची.

इंजिनेर साहेबाला कळलं तर ह्यांला सडकेवर ठेवणार न्हाईत, हे खरं. पण मला भ्या साहेबाचं न्हाई. सडक बंद होत न्हाई, अर्धी चालूच राहती. हे वाकून माप घेत बसतेत आन् मागनं गाडी येती, मोटार येती. त्येंला पत्ता नसतो. दिवसभर माझं ध्यान त्येंच्या पाठीवर. चुलीवर कमी.

मार्गशीर्ष शु. १०

अर्धी सडक उकरून झाली. एका अंगाला खड्डा, दुसऱ्या अंगानं गाड्या. एकच गाडी जाईल एवढी वाट. आज व्हायचं तेच झालं. हिंगोलीच्या जिनाला कापूस नेणारी पाटलाची गाडी हिकडनं घुसली, तांड्यावरची लाकडाची गाडी तिकडनं. मधोमध बैलाला बैल भिडले.

पाटलाचा गडी म्हणे, "पाटलाची गाडी मागं जात नसती."

तांड्यावरचा म्हणे, "माझ्या बैलाला बी मागं जाता येत न्हाई. शिकवलंच न्हाई त्येला."

झालं! दोन्हीकडं रांगा. कुणी बिड्या पेटवल्या, कुणी बैल सोडून पाण्यावर नेले. एका बाईनं तर गाडीखाली चूल पेटवली, म्हणे आज काही वाट मोकळी होत न्हाई. हे मधी उभे राहून दोघांला समजावून राहिले. तेवढ्यात मागनं सर्व्हिसची मोटार, माणसं नेणारी, कोळशावर चालणारी, धुराचा लोट सोडत. डायवर भोंगा वाजवून राहिला. सगळे सरकले. हे न्हाई सरकले.

मी पळी हातात तशीच घेऊन पळाले. दंड धरून वढलं आन् वरडले, "भाकरी थंड झाली, कवाधरनं बोलवून राहिले! घरचं काही ध्यान हाय का न्हाई?"

गडी हसले. "मिस्त्रीला बायकोचं भ्या, मोटारीचं न्हाई."

हे बी हसले. मंग वळून बघितलं तर मोटार. तोंड उतरलं. माझ्याकडं बघितलं न्हाई, खाली मान घालून पालात गेले. भाकरी खरंच थंड झाली होती. मीठ मिरची लावून दिली.

मार्गशीर्ष वद्य २

कालपासून हे एक काठी तासत बसलेत. मी म्हणले काय खेळणं करून राहिलेत. आज कळलं.

"वच्छे, हिंगोलीच्या ठेसनावर बघितलंस ना? आगगाडीच्या डायवरला गोळा देतेत. गोळा हातात नसला तर आगगाडी हलत न्हाई. आपण बी तसंच करायचं."

माझ्या जुन्या लुगड्याचा लाल काठ काठीला गुंडाळला. सडकेच्या दोन्ही टोकाला एक एक माणूस. एका टोकाच्या पाच-सात गाड्या सोडायच्या, शेवटच्या गाडीवानाच्या हातात काठी द्यायची. काठी ह्या टोकाला पोचली की हिकडच्या गाड्या सोडायच्या. काठी नसली तर पाटील असू दे न्हाई तर तालुकदार, उभं राहायचं.

इंजिनेर साहेब घोड्यावरनं आले होते. बघून खूश. "मिस्त्री, दिमाग अच्छा है तुम्हारा."

दिमाग तर हायच. पण मला ठाऊक हाय काठी काहून सुचली. ह्या टोकावरनं त्या टोकाला हाळी दिली तर सगळ्यांला ऐकू येती, ह्यांला येत न्हाई. काठी दिसती. गुळाचा खडा दिला हातावर.

मार्गशीर्ष वद्य ८

काठीचं बरं चाललंय. भांडणं कमी. वारंग्याच्या टोकाला एक माणूस, कळमनुरीच्या टोकाला धोंडीराम. माणूस चांगला पण खायचं दिसलं की त्येला दुसरं काही दिसत न्हाई.

पण बंद अंगात कुणी घुसू नये त्येचं काय? नुसते दगड आडवे टाकले तर धुळीत दिसत न्हाईत. काल एक बैलगाडी दगडावरनं चढून खड्ड्याच्या तोंडाला गेली. चाक अर्धं हवेत. जमनीनं आन् बायांनी मिळून वढून घेतली.

मंग मी आज दगडांला चुना मारला. कळमनुरीच्या टोकाला सगळ्यात मोठा, गुडघ्याएवढा. दोन्ही बाजूला धाकटे. पांढरे लांबून दिसतेत, पण दुपारच्या उन्हात सडक बी पांढरीच दिसती. म्हणून मोठ्याला मधी गेरूचा पट्टा वढला. हात लाल, लुगडं लाल, नाकाला बी लागला. हे बघून हसले.

"कुणाचं लगीन हाय?"

"तुमचं!" म्हणले मी. वरडूनच.

पौष शु. ४

काय सांगावं! मोठ्या दगडापुढं आज नारळ फोडलेला. वर कुंकू, झेंडूची फुलं. धोंडीरामाला इचारलं तर खोबरं चावत म्हणतो, "गणपतआबा आलते."

गणपतआबा म्हंजी शेजारच्या वाडीतला म्हातारा शेतकरी. मऊ माणूस, मुंगी बी ओलांडून जाईल. त्येला वाटलं सरकारनं सडकेच्या रखवालीला देव बसवला. पांढरं अंग, मधी लाल पट्टा. देवच की. त्येनं वाडीत सांगितलं, वाडीनं पुढल्या वाडीला. आता गाड्या तिथं येऊन आपसूक थांबतेत. गाडीवान खाली उतरतो, हात जोडतो, मंग काठीची वाट बघतो. पाटलानं बी फेटा काढला म्हणे. सरकारच्या हुकमानं जे झालं न्हाई ते चुन्यागेरूनं झालं.

मी ह्यांला म्हणले, "सांगू का लोकांला, मी रंगवलाय म्हणून?"

"काहून? थांबतेत ना? देव म्हणू दे न्हाई तर आजोबा म्हणू दे."

ते बी बराबर. मी आपली गप. धोंडीरामाचं वजन वाढून राहिलंय परसादानं.

पौष अमावास्या, संक्रांत

जमनीनं तीळ आणले तांड्यावरनं, मी गूळ. पालापुढं बायांला हळदीकुंकू दिलं. जमनी कुंकू लावत न्हाई म्हणाली, मंग हसून लावलं. तिच्या घागऱ्याला, काचोळीला आरसे. उन्हात हलली की माझ्या पालात उजेड नाचतो.

सांज व्हायच्या आत हे आले. हात धुतले, तिळगूळ दिला. म्हणले, "गोड बोला."

माझ्या हातावर लाडू ठेवून हे म्हणतेत, "तुला कसं सांगू गोड बोल म्हणून? तू गोड बोललीस तर मला..." आन् थांबले. लाडू मोडत बसले.

मला वाटलं आता सांगतील. वाट बघितली. न्हाई सांगितलं. मी बी न्हाई इचारलं. दोघं जण तीळ चावत बसलो. आपल्याच माणसाला आपण इतकं का भितो कळत न्हाई.

माघ शु. ६

लिहिते. बसून ऱ्हायलं तर डोकं फुटंल.

हे जिते हायत. आधी ते लिहिते. जिते हायत.

गणपतआबाला रोज वाईट वाटायचं म्हणे, देवाच्या तोंडावर चाकांचा धुराळा उडतो. काल सांजच्याला सगळे पालात गेल्यावर त्येनं अंघोळ केली, वाडीतले चौघं आणले, बैल जुंपले आन् मोठा देव वढत नेऊन सडकेकडच्या लिंबाखाली सावलीत बसवला. धाकटे दगड म्हंजी देवाची लेकरं, ती बी नेली. सारवलं, रांगोळी घातली. सकाळी नैवेद्य. धोंडीराम काठी टाकून लिंबाखाली परसादाला बसला.

बंद अंगाचं तोंड उघडं. ना दगड, ना माणूस.

सर्व्हिसची मोटार आली. डायवरला वाटलं झाली सडक, बंद अंगातनं सरळ आणली. पुढं हे खड्ड्याच्या काठाला वाकलेले, पाठ तिकडं. भोंगा. भोंगा. सारखा भोंगा. मी ओढ्यावर धुणं धूत होते. ऐकलं आन् वरडले. किती वरडले! लांब पडलं. न्हाई पोचला आवाज. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं माझा आवाज लहान हाय.

जमनीनं टोपलं फेकलं आन् उडी घेतली, ह्यांचा सदरा धरून वढलं. सदरा फाटला. मोटारीच्या चाकावरचा पत्रा हाताला लागला, हे खड्ड्यात. जमनी त्येंच्यावर. मोटार खड्ड्याच्या तोंडाला तिरकी थांबली.

डावा हात मोडला. दुसरं काही न्हाई. डोळे उघडे होते, माझ्याकडं बघून राहिले. मी एक अक्षर बोलले न्हाई. त्याच मोटारीनं हिंगोलीला नेलं.

माघ शु. ८, हिंगोली, दवाखाना

डाक्टरनं बांबूच्या खपच्या घालून हात बांधला. हाड बसलं म्हणतो. जिवाला धोका न्हाई.

दोन दिस मी गप. तोंडातनं शब्द फुटंना. पाणी दिलं, पेज दिली, अंग पुसलं, सगळं मुक्यानं. आज सकाळी ह्यांनी माझा पदर धरला.

"वच्छे, वरड ना जरा. काहून गप हायस? तू वरडली न्हाईस तर मला काही कळत न्हाई. मला ऐकू येत न्हाई, वच्छे."

मी तिथंच खाली बसले आन् रडले. शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. मी त्येंच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन म्हणले, "ठाऊक हाय."

"कवापासून?"

"सुरुंग उडाला तवापासून."

म्हणतेत, "आन् मी येडा देवाला हात जोडत होतो. म्हणायचो, बरं केलंस बाबा, माझे कान गेले तशी बायको भांडकुदळ केलीस. न्हाई तर तिचा आवाज बी गेला असता मला."

हसू का रडू. दोन्ही केलं. म्हातारी म्हणती, "लेकी, तुमचं भांडण हाय का लाड?" काय सांगू तिला. ह्या माणसासाठी मी गावभर कजाग ठरले, उद्या परत ठरीन.

सगळं बोललो. कोकिळा, कढईतलं तेल, माझ्या बांगड्या, काय काय ऐकू येत न्हाई ते त्येंनी सांगितलं. मी त्येंचा चांगला हात धरून माझ्या मनगटावर ठेवला, बांगड्या हलवल्या. म्हणतेत, "हां. कळलं."

माघ पौर्णिमा, पाल

काल परत आलो. आज साहेब चौकशीला. बाभळीखाली खुर्ची टाकली. डायवर हात जोडून उभा, तोंड वाळलेलं. त्येची नोकरी जायची येळ.

डायवर रडकुंडीला आला. "साब, भोंगा मारून मारून थकलो. सगळी सडक सरकली, मिस्त्री सरकले न्हाईत."

साहेब ह्यांच्याकडं वळले. "इतना भोंगा मारा बोलता ये. तुम सुने नै क्या?"

मी मधीच घुसले. उचलली जीभ लावली टाळ्याला. "साहेब, त्येंचं ध्यान कामात होतं! काम करताना माणूस भोंगे ऐकत बसतो का? ह्या मेल्यानंच गाडी बंद अंगात घातली!"

ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. साहेबांच्या तोंडाकडं बघितलं, मंग डायवरकडं.

"साहेब, ती माझ्यासाठी बोलून राहिली. खरं न्हाई ते. मला ऐकू येत न्हाई. दगड नव्हते, माणूस नव्हता, ह्येला काय सपान पडणार होतं? ह्येची रोटी घेऊ नका."

खडी फोडणाऱ्या बायांचे हात थांबले. मला तर वाटलं जमीन फाटली तर बरं. पण ह्यांचं तोंड बघितलं. सुरुंगाच्या आधी दिसायचं तसं दिसून राहिलं.

साहेब मिशी वढत बसले. वाईट माणूस न्हाई. म्हणाले, "बहरे आदमी को चालू सडक पे कैसा रखूँ मैं? गोदाम में बैठो. कुदळ-फावडे गिनो."

गोदाम! ह्या माणसानं जिंदगी सडकेवर काढली. खडी हातात घेऊन सांगतेत कुठल्या खदानीची.

हे म्हणाले, "एक बाजार बघा साहेब. बाजाराच्या दिवशी गाड्या लई. तुमी हितं बसा. त्या दिवशी सडक माझ्या हातनं नीट चालली तर ठेवा. न्हाई चालली तर मी आपल्या पायानं गोदामात जातो."

साहेब उठले. "ठीक है. अगला बाजार नै, उसके बाद का. हात जुडने दो." गेले.

मी पालात येऊन भांडी आपटली. ऐकू येत न्हाई हे ठाऊक असून बी आपटली. गोदाम वाईट दिसतं, पण गोदामात मोटार येत न्हाई. मला काय पायजे ते मलाच कळंना.

माघ वद्य ३

गणपतआबा आला. दुधाची कासंडी घेऊन, डोळे लाल. मी बघितलं आन् सुटले. "आबा, देवाला धुराळा लागतो म्हणून माझ्या नवऱ्याला मारायला निघाला होतात का? ते दगड मी रंगवले! ह्या हातानं! चुना आन् गेरू!"

म्हातारा मटकन् बसला. "तू रंगवलेस, बाई?"

"व्हय, मी!"

"मंग तवाच काहून न्हाई सांगितलंस?"

बराबर बोलला मेला. मी दूध घेतलं, त्येला चहा दिला. दोघं बसून रडलो जरा.

देव काही लिंबाखालनं परत येणार न्हाई. बसवलेला देव हलवत न्हाईत म्हणे. ह्यांनी नवे दगड आणवले. नुसता चुना, लाल काही न्हाई. आन् आबानं सांगितलं, रखवालीला मीच बसतो. आता कुणी कुंकू घेऊन आलं की म्हातारा काठी आपटतो, "ह्यो देव न्हाई! नुसता दगड हाय! हात लावू नका! देव तिकडं, लिंबाखाली. परसाद बी तिकडंच. पण सडक वलांडून जा, जपून!"

दुपारी ह्यांनी सोताच्या हातानं त्येला भाकरी नेऊन दिली. दोघं दगडाशेजारी बसून जेवले.

माघ वद्य ९

हे रोज बसून आखत असतेत, मातीत काडीनं. उभं कुठं राहायचं, तोंड कुठं करायचं. पाठीमागं काय येतं ते कळायचं कसं? शेवटी जमनीला बोलावलं.

"तू माझ्या समोर उभी राहायचीस. माझ्या मागनं काही बी आलं, तर टोपलं डोक्याच्या वर धरायचं. बास."

"मीच काहून?" जमनी म्हणाली.

"तुझे आरसे. लांबून नजर जाती."

जमनीनं काचोळीकडं बघितलं, लाजली. माझ्या मनात आलं, ह्या बाईनं माझं कुंकू वाचवलं आन् मी तिला एक लुगडं बी दिलं न्हाई. देणार हाय. ती घागराच घालती, पण देणार हाय. नेसू दे न्हाई तर पोरीला ठेवू दे.

दिवसभर तालीम. टोपलं वर, हे वळतेत. टोपलं वर, हे वळतेत. धोंडीराम मोटार झाला होता, तोंडानं भोंगा वाजवत पळायचा. सगळे लई हसलो. फक्त एक पेच हाय. माप घेताना मान खाली जाती. खाली मान असली की टोपलं बी दिसत न्हाई. मी सांगितलं तर म्हणतेत, "दोन मापांच्या मधी वर बघीन." बघतील का? कामात बुडाले की ह्यांला जेवणाची बी शुद्ध नसती.

माघ वद्य १२

उद्याचा बाजार. हात अजून गळ्यात बांधलेला, दुखतो पण सांगत न्हाईत.

जेवताना मी म्हणले, "उद्या मी ओढ्याच्या काठाला बसते. काही दिसलं की हाळी देते. एवढ्या जवळून डाव्या कानाला येईल थोडी."

घास खाली ठेवला. मंग म्हणाले, "उद्या वरडू नको, वच्छे."

"काहून?"

"तू वरडलीस आन् मी वाचलो, तर साहेबाला काय कळलं? बायको हाय म्हणून मिस्त्री चालतो. उद्या त्येला कळू दे, मला ऐकू येत न्हाई आन् तरी सडक चालती. तू पुढल्या कामावर आजारी पडलीस, माहेरी गेलीस, तर मंग मी काय करायचं?"

"मी कुठं जात न्हाई."

"ते मला ठाऊक हाय. पण वरडू नको."

मी ताट उचललं. गळ्याची आण घातली त्येंनी, सोताच्या. असली आण का घालतेत माणसं!

माघ वद्य १३, बाजार

ऊन वर यायच्या आत अंघोळ. एका हातानं फेटा बांधता येईना, मी बांधला. तुरा जरा मोठा सोडला. म्हणतेत, "नवरदेव करतीस का?" मी हळू आवाजात व्हय म्हणले. त्येंनी तोंडाकडं बघितलं आन् हसले.

साहेब आलेत. खुर्ची बाभळीखाली. मी ओढ्याच्या काठाला दगडावर बसलेय. हाताला काही तरी पायजे म्हणून वही घेतलीय. लिहीत राहिले तर तोंड गप राहील.

कापसाच्या गाड्या आल्या. थांबल्या. काठी गेली, काठी आली. जवारीच्या गाड्या. एक हळदीची. पाटील स्वतः गाडीत, आबानं त्येला बी थांबवला. "काठी येऊ द्या मालक." थांबला! तांड्यावरची गाडी आधी गेली, पाटलाची नंतर. कुणाचा आवाज चढला न्हाई. असली सडक मी तरी बघितली न्हाई.

दोनदा मागनं गाडी आली, दोनदा जमनीनं टोपलं वर धरलं, दोनदा हे वळले. साहेबांनी चहा मागवला. मान हलवली एकदा. मी बघितलं.

आता मोरीच्या फरशीचं माप चाललंय. एका हातानं पट्टी धरायला जड जातं त्येंला. वाकलेत.

भोंगा ऐकला. कळमनुरीकडनं सर्व्हिसची मोटार. आबानं दोन्ही हात वर केलेत, पण दोन बैल सुटलेत कुणाचे तरी, मोटार त्यांला चुकवत ह्यांच्याच बाजूला येऊन राहिली. हळू हाय. पण येऊन राहिली. साहेब खुर्चीतनं उठले. ते बी काही बोलले न्हाईत, बघून राहिलेत.

जमनीनं टोपलं वर धरलं.

हे खालीच. पट्टी दुसऱ्यांदा लावून राहिलेत.

पदर तोंडात धरलाय मी. दातात. आण घातलीय त्येंनी. जमनी टोपलं हलवून राहिली, आरसे नुसते लखलखतेत.

वर बघा वो. एकदा वर बघा.